यंत्रांनाही गवसणी हवी

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत एक मागली खोली असतेच. तांब्या-पितळेची मोठी भांडी, मुंजीतले पाट, मोडका पाळणा, आणि हल्ली त्यांच्या शेजारी एखादा जुना संगणक. तो वापरात नाही, पण कौतुकाने आणलेला म्हणून टाकवतही नाही. माझ्या मागल्या खोलीत असे अकरा संगणक आहेत. दरबारी गवयाच्या मुलाने तंबोरे सांभाळावेत, हे काय मांडले आहे, असे पुष्कळांना वाटते. त्यांना मी १९८५ सालचा अटारी एसटी दाखवतो. वाद्ये जोडण्याची मिडीची सोय त्याच्या अंगातच होती. त्याच्या बाजूला बीबीसी मायक्रो आहे. भारत सरकारने १९८४ साली शाळांसाठी काढलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात याच जातीचे संगणक होते. मेमरी अवघी ३२ किलोबाइट; पण किती मुलांनी त्यावर पहिला धडा गिरवला!

आता प्रश्न येतो तो सांभाळण्याचा. आमच्याकडे पौषात रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि ज्येष्ठात पंचेचाळिशी गाठतो. मागल्या खोलीत ना शेगडी, ना गारव्याचे यंत्र. थंडीने यंत्रे बिघडतील, अशी काळजी लोक करतात. वास्तविक नुसती कोरडी थंडी बंद यंत्राला फारशी बाधत नाही. उलट तिच्यात झीज मंदावते. घात होतो तो बाहेर काढताना. पहाटेच्या गारठ्यातून स्वयंपाकघरात शिरले की चष्म्यावर धुके धरते ना, तसेच दव यंत्राच्या पोटात धरते. खोलीची हवा २२ अंशांची आणि तिच्यातली आर्द्रता ६० टक्के असेल, तर १४ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमणार. म्हणून यंत्र मागल्या खोलीतच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावे, मग घरात आणावे, आणि एक दिवस-रात्र पिशवी उघडू नये. दव पडले तर पिशवीच्या बाहेर पडेल.

ही पिशवी फक्त ने-आण करण्यापुरती. वर्षभर प्लास्टिक पांघरून ठेवले तर आतली ओल आतच कोंडते. आमच्या वडिलांच्या तंबोऱ्यांना सुती गवसण्या असत. संगणकांनाही मी तशाच शिवून घेतल्या. खाली लाकडी फळ्या, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतर. श्रावणात आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की बुरशी धरते, म्हणून डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की पुडी बदलायची.

तंबोरा दीर्घकाळ ठेवायचा तर तारा उतरवतात. संगणकाच्या बाबतीत तो मान बॅटरीचा. ‘२८६’, ‘३८६’ जातीच्या पुष्कळ यंत्रांत निकेल-कॅडमियमची लहानशी बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. ती पाझरली की तिच्यातला क्षार तांब्याच्या बारीक वाटा खाऊन टाकतो. ती आधी काढावी. दुसरी गोष्ट, कित्येक वर्षे बंद असलेल्या यंत्राचे बटण उत्साहाने दाबू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात कागदी कपॅसिटर असतो. त्याच्या कवचाला भेगा पडून ओल आत शिरते आणि वीज मिळताच धूर निघतो. जाणत्या कारागिराकडून तो बदलून घ्यावा, मगच यंत्र चालू करावे.

इतके करून जे वाचते ते यंत्र. त्यात साठवलेले मात्र त्याहून अल्पायुषी. १९९६ साली एका शिष्याने वडिलांच्या बंदिशींची स्वरलिपी संगणकावर उतरवून चौदा फ्लॉप्या भरल्या होत्या. मूळ वह्या पुढे घराच्या वाटणीत कोठे गेल्या, ते कळले नाही. वडीलही गेले. फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी असेल तर ती तशीच यंत्रात घालू नये. वाचणारे हेड मळते आणि पुढची चांगली चकतीही खराब होते. एकेक चकती साफ करून वाचून घेतली. अकरा पूर्ण निघाल्या, दोन अर्ध्यामुर्ध्या, आणि एक अगदी मुकी. तिच्यावर लिहिले आहे, ‘मल्हार’. त्या प्रकारातल्या चार चिजा मला कंठस्थ आहेत. बाकीच्या किती होत्या, तेही आता कोण सांगणार?

म्हणून ज्यांच्या मागल्या खोलीत असे एखादे यंत्र झाकलेले असेल त्यांना विनंती, की आधी त्यातले काढून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. यंत्राची व्यवस्था त्यानंतर. खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि वाद्यांची पूजा करतो. तोवर पावसाळा सरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागते. त्या दिवशी गवसणी सोडावी, पुड्या बदलाव्यात, कुठे ओल किंवा उंदराची लागण आहे का ते पाहावे. हळदीकुंकू मात्र यंत्राच्या पेटीवरच वाहावे, कळांवर नको.