निवडलेले बीज आणि पाळकाचा सल्ला

हुबळी-धारवाडच्या मराठी कुटुंबांतही मूल न झाल्याचा बोल प्रथम पत्नीस लागतो. परंतु पुष्कळदा न्यूनता पतीच्या शुक्रजंतूंत असते. अशा वेळी डॉक्टर अतिसूक्ष्म सुईने एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडतात. ह्या पद्धतीने पहिले मूल १९९२ मध्ये जन्मले. हायल्युरोनिक आम्लास चिकटणारा शुक्रजंतू निवडून घेण्याची रीतही आता आहे. तिचा खर्च निराळा. ब्रिटनमधील २७७२ जोडप्यांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ह्या निवडीने गर्भपात कमी दिसले, पण जिवंत जन्म लक्षणीय वाढले नाहीत. म्हणून पाळकांनी व उपदेशकांनी आधी पतीची तपासणी सुचवावी आणि दांपत्य कर्ज काढण्यापूर्वी ही गोष्ट त्यांच्यापुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. हन्नेसारखी रडणारी भगिनी मंडळीत एकटी पडू नये, हे आपले पहिले काम होय.