गोदावरी नदीचे पदार्थवहन

गोदावरी नदीचे पदार्थवहन म्हणजे गोदावरी व तिच्या उपनद्यांनी खोऱ्यातील खडक आणि मृदा यांपासून सुटलेले विरघळलेले व कणरूप पदार्थ बंगालच्या उपसागरापर्यंत वाहून नेण्याची प्रक्रिया होय. अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किमीवर, नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावलेली ही नदी पूर्वेकडे सुमारे १,४६५ किमी वाहते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,१२,८०० चौ. किमी असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे.

पाण्याचा नमुना ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून गाळल्यावर जे खाली उतरते ते विरघळलेले व जे वर राहते ते कणरूप, असा संकेत आहे. ही सीमारेषा सोयीसाठी आखलेली आहे. अतिसूक्ष्म कलिल कण तिच्यातूनही पार होतात.

विरघळलेले पदार्थ

पावसाचे पाणी हवेतील आणि विशेषतः मृदेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते. असे पाणी दख्खनच्या बेसाल्ट खडकात मुरले, की खडकातील खनिजांपासून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व सिलिका सुटतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेटात रूपांतर होते. बेसाल्टचे विदारण ग्रॅनाइटपेक्षा जलद होत असल्याने हवेतील कार्बन समुद्रात पोहोचवण्याच्या कामी दख्खनच्या पठाराला विशेष महत्त्व आहे. सिलिका हा करंडक वनस्पतींच्या (डायाटम) कवचाचा घटक होय.

नदीच्या पाण्याला आपण गोडे पाणी म्हणतो; तरी जगातील सर्व नद्या मिळून दरवर्षी सुमारे ४ अब्ज टन विरघळलेले पदार्थ समुद्रात नेतात. यावरूनच १८९९ मध्ये आयरिश भूवैज्ञानिक जॉन जोली यांनी समुद्रातील एकूण सोडियमला नद्यांनी दरवर्षी आणलेल्या सोडियमने भागून समुद्राचे वय सुमारे ९ कोटी वर्षे ठरवले. भागाकारात चूक नव्हती, गृहीतकात होती. समुद्रात आलेले सोडियम तेथेच साचत राहत नाही. मिठाचे थर, तुषार आणि सागरतळाच्या खडकांशी होणाऱ्या अभिक्रिया यांद्वारे ते बाहेरही पडते.

कणरूप पदार्थ

वाळू व खडे तळाशी घरंगळत, उड्या घेत पुढे सरकतात. माती व पोयटा मात्र प्रवाहात तरंगत जातो. त्यालाच निलंबित गाळ म्हणतात. वर्षभरातील बहुतेक गाळ पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत, त्यातही थोड्या पुरांच्या दिवसांत वाहतो. पैठण किंवा नांदेडच्या घाटावर उन्हाळ्यात पाणी पाहणाऱ्यास या नदीच्या कामाची कल्पना येणार नाही. मराठवाड्यातील काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असल्याने एकदा उचलले गेले, की संथ पाण्यातही दूरवर जातात. प्राणहिता, इंद्रावती व शबरी या उपनद्या पूर्वेकडील जुन्या खडकांचा वेगळ्या रंगाचा गाळ आणून त्यात मिसळतात.

मुखाजवळ खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच मातीच्या कणांवरील विद्युतभाराचा प्रभाव कमी होतो, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या बनतात आणि खाली बसतात. धवळेश्वरम्‌खाली गौतमी व वसिष्ठा या मुख्य शाखांमध्ये विभागलेल्या नदीने अशाच साचलेल्या गाळातून आपला त्रिभुज प्रदेश रचला.

मानवी हस्तक्षेप

गोदावरीच्या मुखासमोरील सागरतळातून काढलेल्या गाळस्तंभात अलीकडच्या सुमारे ४,००० वर्षांत दख्खनकडील गाळाचे प्रमाण वाढलेले दिसते. कोरडे होत गेलेले हवामान, विरळ झालेली वनस्पती व शेतीचा विस्तार यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र उलटले. जायकवाडी, श्रीरामसागर यांसारख्या धरणांमागील संथ पाण्यात गाळ साचू लागला. त्यामुळे जलाशयांची साठवणक्षमता घटते आणि समुद्राकडे जाणारा पुरवठाही तुटतो. १९७०-७९ या काळात वर्षाला सुमारे १५ कोटी टन असलेला निलंबित गाळ १९९०-९८ मध्ये ६ कोटी टनांच्या आत आला. विरघळलेले पदार्थ धरणाच्या भिंतीने तसे अडत नाहीत. तरी जलाशयात वाढणाऱ्या करंडक वनस्पती सिलिकाचा काही भाग तेथेच अडकवतात.

त्रिभुज प्रदेशातील जुना गाळ स्वतःच्या भाराने दबत असतो; नव्या गाळाची भर थांबली, की जमीन खचते व लाटा किनारा पोखरतात. १९७६ ते २००१ या काळात येथील किनाऱ्यावरील सुमारे १,८०० हेक्टर जमीन समुद्राने घेतली. त्यात खारफुटीचे क्षेत्रही होते.