गच्चीवरून टिपा मृगाचा तेजोमेघ

मृगातला तेजोमेघ किंवा कृत्तिकेचा तारकागुच्छ टिपायला मोठी दुर्बीणच हवी, असे नाही. जुना डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स आणि भक्कम तिपाई असली तरी शहरातल्या गच्चीवरून सुरुवात करता येते.

अडचणी दोन. पृथ्वी फिरत असल्याने शटर जास्त वेळ उघडे राहिले की ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ५० मिमीला चार-पाच सेकंद पुरे. त्यात दिव्यांच्या उजेडाने आकाश उजळते आणि अंधुक तपशील बुडतात.

म्हणून एका लांब फोटोऐवजी रॉ स्वरूपात शेकडो छोटे फोटो घ्यावेत. लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधाचा तारा मोठा करून तो बारीक टिंब दिसेपर्यंत फोकस हाताने जुळवावा. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअर हे फोटो एकावर एक रचतात. ताऱ्यांचा प्रकाश कायम राहतो, दरवेळी बदलणारे रवाळ ठिपके सरासरीत विरतात. १०० फोटोंत ते सुमारे दहापट घटतात. उजेडाचा उरलेला थर नंतर वजा करता येतो.

तेजोमेघातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला लाल, तर ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला हिरवट-निळा चमकतो. एवढेच रंग आत सोडणारा फिल्टर शहरात उपयोगी पडतो. तारकागुच्छ मात्र सर्व रंगांत प्रकाशतात, त्यांना त्याचा फायदा नाही.

तेव्हा फिल्टरवर खर्च करण्याआधी जानेवारीतली अमावस्येजवळची निरभ्र रात्र गाठा आणि आहे त्या कॅमेऱ्याने मृग टिपून पाहा.