कळा खऱ्या की खोट्या?

बाळंतपणाचा हिशेब आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' असा ठोकून सांगतात. डॉक्टर मंडळी वापरतात तो हिशेब नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. म्हणजे आजीबाईंच्या आणि नेगेलेसाहेबांच्या गणितात फरक काय तो दोन दिवसांचा! पण मूल दोघांनाही जुमानत नाही. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात जेमतेम पाच. त्यामुळे शेवटच्या तीन-चार आठवड्यांत घरोघरी रात्री-अपरात्री दिवे लागतात आणि एकच प्रश्न विचारला जातो : या कळा खऱ्या की खोट्या?

मला तो 'खोट्या' शब्दच खटकतो. पोट दगडासारखे घट्ट होते, ओटीपोटात ताण बसतो, झोप उडते. यात खोटे काय आहे? गर्भाशय हा स्नायू आहे. तो गरोदरपणात अधूनमधून आवळतो आणि सैल पडतो. लंडनच्या जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या डॉक्टरांनी १८७२ साली यावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून या आकुंचनांना त्यांचे नाव मिळाले. (कळा बायकांच्या, नाव साहेबांचे. असो.) गंमत म्हणजे निबंधाचा विषय लटक्या कळा हा नव्हताच. गरोदरपण ओळखण्याची एक खूण म्हणून ते या आकुंचनांकडे पाहत होते.

मग फरक ओळखायचा कसा? एका कळेवरून तो ओळखता येत नाही. चार-सहा कळांची चाल पाहावी लागते. सरावाच्या कळा अनियमित असतात. कधी दहा मिनिटांनी येतील, कधी पंचवीस मिनिटांनी, आणि मग तासभर पत्ताच नाही. त्या बहुतेक पोटाच्या पुढच्या भागात जाणवतात. दिवसभर धावपळ झाली, उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले, लघवी तुंबली की त्या वाढतात. पाणी प्यावे, लघवीला जाऊन यावे, कूस बदलावी, थोडे चालावे; त्या विरून जातात. खरी कळ अशा उपायांना दाद देत नाही. ती बहुधा कमरेतून निघून पुढे येते, दर खेपेला लांबते, जोर धरते आणि दोन कळांमधले अंतर कमी होत जाते. चिकट, रक्ताची झाक असलेला स्राव दिसला तर दिवस जवळ आला म्हणून समजावे. मात्र त्यानंतरही एक-दोन दिवस जाऊ शकतात.

सगळी हयात बँकेत गेल्यामुळे नोंदीवर माझा भारी विश्वास. मुलीच्या वेळी मी शंभर पानी वही आणि घड्याळ घेऊनच बसले होते. कळ कधी सुरू झाली, किती सेकंद टिकली, पुढची कधी आली, असे तीन रकाने. अंतर मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे. पुष्कळ जण कळ संपल्यापासून मोजतात आणि आकडा चुकतो. पहिलटकरणीच्या कळा पाच-पाच मिनिटांनी येत असतील, प्रत्येक सुमारे मिनिटभर टिकत असेल आणि असे तासभर चालले असेल, तर निघावे. दुसरेपणाला इतके थांबू नये, तेव्हा सगळे झपाट्याने होते. आधीचे सिझेरियन असेल तर वही उघडूच नये, सरळ दवाखाना गाठावा.

पण वहीने सगळे कळत नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या सुनेला एका प्रसूतिगृहातून दोनदा परत पाठवले होते. कळा सरावाच्याच होत्या, तपासणीत चूक नव्हती. पण दुसऱ्या खेपेला तिथल्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "एवढंसं दुखलं की धावत येतेस? पुढं कसं व्हायचं तुझं?" घरी आल्यावर शेजारणींनी हसून घेतले. तिसऱ्या रात्री दोन वाजता तिची पाणमोट फुटली. पाणी हिरवट होते. पोरगी सकाळपर्यंत बोलली नाही. "परत पाठवतील, आत्याबाई, म्हणून गप्प राहिले," असे तिने सासूला सांगितले. बाळाने पोटातच शी केली होती. ते जगले, पण अठरा दिवस काचेच्या पेटीत काढून.

वास्तविक परत पाठवण्यात अपमान वाटावा असे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडल्यावर प्रसूतीचा वेगवान टप्पा सुरू होतो, आणि त्याआधीचा टप्पा किती चालेल याचे ठरीव माप नाही. फार लवकर दाखल झालेल्या बायकांत सलाईनमधून कळा वाढवणे आणि सिझेरियन या दोन्हींचे प्रमाण जास्त आढळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. सरकारी रुग्णालयांत ती १४.३ टक्के. एवढी तफावत केवळ कळांच्या घाईने पडत नाही, हे मलाही कळते. तरीही घरच्या खाटेवर, घरच्या माणसांत काढलेले ते सुरुवातीचे तास वाया जात नाहीत. फक्त परत पाठवताना 'पुन्हा शंका आली तर पुन्हा ये' एवढे वाक्य सांगायला हवे.

काही वेळा मात्र घड्याळाकडे बघायचेच नाही. पाणी गेले, मग कळ असो वा नसो; पाळीसारखे रक्त गेले; बाळाची हालचाल मंदावली; डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली; किंवा सदतीस आठवडे भरण्याआधीच नियमित कळा सुरू झाल्या, तर लगेच निघायचे. कळा 'वाढवायला' घरी एरंडेल पाजू नये. ओळखीच्या कुणाकडून कळांचे इंजेक्शन टोचून घेणे तर जिवावरचे आहे. त्याने गर्भाशय फाटू शकते.

शहरातल्या वहीत दवाखान्याचे अंतर लिहावे लागत नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीत पावसाळ्यात तोच रकाना पहिला. म्हणूनच आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांशेजारी 'माहेरघर' आहे. तिथे बाई दिवस भरत आले की आधीच येऊन राहू शकते, म्हणजे मध्यरात्री नाल्याला पूर आला तरी खोळंबा नाही. इतरांनी आशाताईंचा नंबर आणि १०२, १०८ हे क्रमांक आठव्या महिन्यातच भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि दवाखान्यात फोन लावला की सासूने किंवा नवऱ्याने बोलू नये, फोन तिच्याच हातात द्यावा. बोलता बोलता ती मध्येच थांबली, वाक्य अर्धे सोडून श्वास घेत राहिली, तर पलीकडची अनुभवी परिचारिका पुढचे फारसे विचारत नाही. "निघा," म्हणते.