विद्यार्थ्यांचे संशोधन आणि अनुदानाचा अर्ज

१९०६ साली लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या नियतकालिकात प्रकाशाच्या विवर्तनासंबंधी एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. आयताकृती छिद्रातून प्रकाश तिरकस गेला असता उमटणारे पट्टे दोन्ही बाजूंस सारखे का नसतात, हा त्याचा विषय होता. निबंधाचा लेखक मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे चंद्रशेखर वेंकट रामन ते हेच. प्रश्न लहान होता, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधनांनी त्याचे उत्तर शोधता येत होते आणि आलेले उत्तर मोजून दाखविता येत होते.

परंतु विद्यार्थ्याला पडणारा प्रत्येक प्रश्न प्रयोगशाळेच्या चार भिंतींत मावत नाही. एखाद्याला खेड्यातील विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा करावयाचे असतात, एखादीला दूरच्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुनी दप्तरे पाहावयाची असतात, तर कोणाला मावळत्या कलेची चित्रफीत तयार करावयाची असते. अशा कामांना प्रवासखर्च लागतो, साहित्य लागते आणि सुटीचे दोन महिने कमाई न करता राहण्याची सोय लागते. ही गरज भागविण्यासाठी विद्यापीठे व संशोधनसंस्था विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने देतात. ती मिळविण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अनेक होतकरू विद्यार्थी नेमके याच पायरीवर अडखळतात.

पदवी घेण्यापूर्वीच विद्यार्थ्याच्या हाती संशोधन सोपवावे, ही कल्पना संस्थांच्या व्यवहारात तशी उशिराच रुजली. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दिलेल्या व्याख्यानात असा आग्रह धरला की, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशापासूनच स्वतःचे असे एक संशोधन असावे. बारा वर्षांनी, १९६९ साली, त्याच संस्थेतील तरुण पदार्थवैज्ञानिक मार्गारेट मॅकव्हिकार यांनी या विचाराला योजनेचे रूप दिले. पदवीपूर्व विद्यार्थी प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सहकारी म्हणून काम करू लागले. १९७२ साली संस्थेचे अध्यक्ष जेरोम वाइझनर यांनी कलामंडळ स्थापन केले आणि या मंडळाकडून कलाविषयक प्रकल्पांनाही अनुदान मिळू लागले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ साली कायद्याचे अधिष्ठान लाभले. तथापि त्याच्या लघु व बृहत् संशोधन प्रकल्पांच्या योजना अध्यापकांसाठी होत्या. विद्यार्थ्यांसाठी उल्लेखनीय ठरली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ साली सुरू केलेली अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी आपल्या अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत पुरा होईल असा विषय निवडतो, प्रस्ताव पाठवितो, मंजुरीनंतर काम करतो आणि अहवाल सादर करतो. विज्ञानाच्या अन्य शाखांतील विद्यार्थ्यांना देशातील तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी योजनेतून नामांकित प्रयोगशाळांत काम करण्याची संधी मिळत आली आहे.

या सर्व योजनांचे नियम भिन्न आहेत. म्हणून पैसा कशासाठी दिला जातो, हे प्रथम पाहिले पाहिजे. काही योजना विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी विद्यावेतन देतात, काही केवळ साहित्याचा खर्च उचलतात, तर काही प्रवासापुरत्याच असतात. विद्यावेतनाच्या योजनेकडे उपकरणाची मागणी केल्यास अर्ज कितीही चांगला असला तरी तो बाजूला पडतो.

प्रश्न लहान करण्याची कला

अर्जाचे परीक्षण करणाऱ्यांपुढे एकाच वेळी अनेक अर्ज असतात. प्रत्येक अर्ज वाचताना ते काही साधे प्रश्न विचारतात. या विद्यार्थ्याला नेमके काय जाणून घ्यावयाचे आहे? ते कळण्याचा त्याने योजलेला मार्ग योग्य आहे काय? दिलेल्या मुदतीत ते होईल काय? आणि मागितलेला पैसा कामाच्या मानाने रास्त आहे काय?

एक कल्पित उदाहरण घेऊ. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीला मुलींमधील रक्तक्षयाचा अभ्यास करावयाचा आहे. ‘भारतीय तरुणींमधील रक्तक्षय : कारणे व उपाय’ असे शीर्षक तिने दिले, तर तो एका मोठ्या संस्थेला अनेक वर्षे पुरेल असा विषय होईल. हाच विषय तिने असा मांडला : महाविद्यालयाच्या वसतिगृहातील ज्या मुली नियमित न्याहारी घेत नाहीत, त्यांच्यात रक्तक्षयाचे प्रमाण न्याहारी घेणाऱ्या मुलींपेक्षा अधिक आहे काय? आता प्रश्नाला हद्द आली. कोणाला तपासावयाचे आणि काय मोजावयाचे हे ठरले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तिच्या हाताशी आहेच.

तरीही जाणता परीक्षक शंका काढील. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींचे काय? जंतांचा किंवा मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्रावाचा परिणाम न्याहारीच्या माथी मारला जाणार नाही काय? या शंका विद्यार्थिनीने स्वतःच अर्जात उपस्थित कराव्यात आणि त्यांविषयीचे प्रश्न आपल्या प्रश्नावलीत घालावेत. एकदाच केलेल्या पाहणीतून दोन गोष्टींचा संबंध दिसतो, परंतु एक दुसरीचे कारण आहे हे सिद्ध होत नाही, हेही तिने नमूद करावे. आपल्या पद्धतीची मर्यादा सांगितल्याने अर्ज दुबळा होतो ही भीती निराधार आहे. मर्यादा ओळखणारा विद्यार्थी निष्कर्ष काढतानाही तोल सांभाळील, असा भरवसा त्यातून वाटतो.

वेळ, पैसा आणि जबाबदारी

दोन महिने म्हणजे आठ-नऊ आठवडे. त्यांतील पहिला आठवडा प्रश्नावली काही मुलींवर पडताळून पाहण्यात जाईल, चार आठवडे तपासणीत, दोन आकडेमोडीत आणि उरलेले लेखनात. असे वेळापत्रक मांडले की १२० मुलींची तपासणी म्हणजे आठवड्याला ३० हे गणित उघड होते. परीक्षेचे दिवस मध्ये येत असतील तर संख्या कमी करावी लागेल, हेही वेळीच कळते. मानवी व्यक्तींवरील संशोधनाला नीतिसमितीची संमती आवश्यक असते आणि समितीची बैठक विद्यार्थ्याच्या सोयीने भरत नाही. त्यामुळे तयारी अंतिम तारखेच्या बरीच आधी सुरू करावी लागते.

ही संमती केवळ कागदोपत्री उपचार समजू नये. बोटाला सुई टोचून घेणाऱ्या मुलीला तपासणीचा हेतू तिच्या भाषेत सांगितला पाहिजे, नकार देण्याची मोकळीक दिली पाहिजे, आणि ती अठरा वर्षांखालील असल्यास तिच्याबरोबरच पालकांचीही संमती घेतली पाहिजे. जिच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळेल तिला ते सांगून उपचाराची वाट दाखविणे, हाही प्रकल्पाचाच भाग होय.

अंदाजपत्रकात ठोकळ रकमा लिहिण्याचा मोह टाळावा. ‘साहित्य’ या एका शब्दापुढे आकडा घातल्याने काहीच समजत नाही. १२० मुलींसाठी १२० तपासणीपट्ट्या, वाया जाण्याच्या शक्यतेपोटी आणखी १२, म्हणजे एकूण १३२ पट्ट्या, आणि पुढे प्रत्येकीची किंमत असे लिहिले म्हणजे खर्च कामाशी जोडला जातो. रक्कम मुद्दाम फुगविणे जितके घातक, तितकेच भिडेपोटी ती कमी दाखविणेही घातक. अपुऱ्या पैशात काम अर्धे राहिले तर दिलेले अनुदानही व्यर्थ जाते.

कलाप्रकल्पाच्या अर्जालाही हीच शिस्त लागू पडते. आंध्र प्रदेशातील निम्मलकुंटा या गावी चामड्याच्या छायाबाहुल्या करणारी घराणी आहेत. त्यांच्या ‘तोलु बोम्मलाट’ कलेवर एखाद्या विद्यार्थ्याला चित्रफीत करावयाची असेल, तर ‘लोककलेचे जतन’ एवढे म्हणून भागणार नाही. बकरीचे कातडे कमावून पारदर्शक करण्यापासून त्यावर रेखन, रंगकाम आणि छिद्रे पाडण्यापर्यंत एका बाहुलीची संपूर्ण घडण चित्रित करीन, त्यासाठी इतके दिवस गावी राहीन, असे सांगितले म्हणजे काम डोळ्यांपुढे उभे राहते. कलावंताच्या दिवसांचे मानधन अंदाजपत्रकात असावे. चित्रफितीची प्रत त्याला मिळेल काय आणि ती पुढे कोठे ठेवली जाईल, हेही लिहावे. कलाकृती कशी उतरेल हे आधी सांगता येत नाही. मुदतीअखेर हाती काय असेल, हे मात्र सांगता येते.

संधी कोणाला मिळते

उत्तम योजनांतही एक विषमता लपलेली असते. ज्या महाविद्यालयांत अध्यापक स्वतः संशोधन करतात, तेथील विद्यार्थ्याला जुने मंजूर अर्ज पाहावयास मिळतात आणि त्याचा मसुदा कोणी तरी वाचून दुरुस्त करतो. लहान गावातील विद्यार्थ्याला योजनेची बातमीच मुदत संपत आल्यावर कळते. पैसे देण्याची रीतही महत्त्वाची असते. वैद्यकीय परिषदेच्या विद्यार्थिवृत्तीसारख्या योजनेत अहवाल मान्य झाल्यानंतरच विद्यावेतन हाती पडते. अपुरे काम करणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो. परंतु ज्याच्या घरी सुटीतील मजुरीचाही हिशेब असतो, त्या विद्यार्थ्याला आधी पदरचा खर्च करणे जड जाते. अशा वेळी महाविद्यालयाने थोडी आगाऊ रक्कम द्यावी, ग्रंथालयाने योजनांची माहिती व मंजूर अर्जांचे नमुने एकत्र ठेवावेत, आणि अध्यापकांनी अर्जलेखन हा अध्यापनाचाच भाग मानावा. या उपायांना फारसा खर्च लागत नाही, मात्र त्यांच्यामुळे अनेकांना दार उघडते.

पुष्कळ अर्ज नामंजूर होतात. याचा अर्थ प्रश्नच टाकाऊ होता असा नसतो. कधी निधी तोकडा असतो, कधी मुदतीचे गणित चुकलेले असते, तर कधी विषय त्या योजनेच्या कक्षेबाहेरचा असतो. परीक्षकांचा अभिप्राय मिळाल्यास त्यानुसार मसुदा सुधारून पुढील वर्षी पुन्हा पाठविता येतो. दरम्यान विद्यार्थ्याने आपला प्रश्न नीट मांडण्याचे, वेळ व खर्च यांचा मेळ घालण्याचे आणि दुसऱ्याच्या शंकांना उत्तर देण्याचे काम एकदा पुरे केलेले असते.

ज्याला अनुदान मिळते, त्याच्यावर अहवालाचे ऋण राहते. तपासलेल्या १२० मुलींत अपेक्षित फरक आढळला नाही, तर तेही तसेच लिहिले पाहिजे. हा पैसा बहुतांशी सार्वजनिक असतो. तो खर्चून जे कळले ते पुढील विद्यार्थ्याच्या उपयोगी पडावे, एवढीच त्याची परतफेड आहे.