रेडिओची खरखर आणि मळणीची धूळ



मळणी आटोपली की खळं झाडून होतं, अवजारं पुसून जागेवर जातात. कोनाड्यातल्या रेडिओकडे मात्र कुणी बघत नाही. मग जूनमध्ये ढग भरून येतात, हवामानाची बातमी लागते आणि नेमका आवाज खरखरू लागतो. पेरावं की थांबावं, हे ऐकायचंच राहून जातं. अशा वेळी पुष्कळदा सेट बिघडलेला नसतो, आत धूळ बसलेली असते.

धूळ नेमकं काय करते? आवाज कमी-जास्त करायच्या गोल बटणामागे कार्बनचा पट्टा असतो. बटण फिरवलं की धातूची लहानशी पाती त्या पट्ट्यावरून सरकते. दोहोंच्या मध्ये धुळीचा कण आला की जोड तुटतो, पुन्हा लागतो. तीच ही खरखर. रेडिओ चुलीजवळ असला तर धुराचा तेलकटपणा आत बसतो आणि धूळ त्याला चिकटून राहते. पावसाळ्यात ही धूळ ओल धरते, मग आतले जोड गंजतात.

दोष आधी ओळखावा. बटण फिरवतानाच खरखर येत असेल, तर ती धुळीची. बटणाला हात न लावताही सारखी येत असेल, तर जवळची विजेची मोटार, ट्यूब किंवा मोबाईलचा चार्जर बंद करून पाहावा. मीडियम वेव्हवर सेटची दिशा थोडी बदलूनही पाहावी. एवढ्याने आवाज सुधारला, तर सेट उघडायचं कारणच नाही.

सफाई अशी करावी :

१) सेट बंद करावा. विजेवर चालत असेल तर पिन काढावी. सेल बाहेर काढावेत.

२) आवाजाचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवावं. पट्ट्यावरची धूळ बाजूला सरते. बहुतेक खरखर एवढ्यानेच जाते.

३) रंगकामाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश घेऊन जाळी, फटी आणि बटणांच्या कडा झाडाव्यात. स्पीकरचा पडदा कागदाचा असतो. जाळीतून काडी किंवा सुई घालू नये.

४) सेलच्या खणातल्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पांढरा किंवा हिरवा थर दिसला, तर सेल पाझरले असं समजावं. पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासाव्यात, नंतर हात धुवावेत. सेट बरेच दिवस वापरायचा नसेल, तर सेल काढूनच ठेवावेत.

५) टेपरेकॉर्डर असेल तर त्याचं हेड आणि रबरी चाक यांवर कॅसेटची भुकटी साचते आणि आवाज दबतो. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटचे दोन थेंब घेऊन हेड पुसावं. चाकाला कोरडा कापूस पुरे.

या गोष्टी टाळाव्यात : तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीची ओल आत जाते. ओलं फडकं वापरू नये. खोबरेल किंवा रॉकेल सोडू नये, त्यावर धूळ आणखी चिकटते. आतले स्क्रू व तारांची वेटोळी हलवू नयेत, स्टेशन जागेवरून सरकतं. विजेवरचा सेट घरी उघडूच नये. पिन काढल्यावरही आत काही वेळ वीज साठून राहते. ते काम कारागिराचं.

सेट जमिनीपासून चार फूट उंच, चुलीपासून आणि गळक्या वाशापासून लांब ठेवावा. बंद असताना त्यावर सुती कापड टाकावं. चालू असताना मात्र झाकू नये, गरम होतो. मळणीच्या दिवसांत तो खळ्यावर न्यायचाच झाला, तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवावा, म्हणजे भुसा त्याच्यावर येत नाही.

पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं द्यावीत. खर्च एका ब्रशाचा. पेरणीच्या आठवड्यात बातमी स्वच्छ ऐकू आली, म्हणजे तो वसूल झाला.