निचऱ्याच्या पाण्यात पिकाचा हिशेब

पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची, काकडी किंवा टोमॅटो पुन्हा पुन्हा घेतले की जमिनीत सूत्रकृमी आणि मर रोग ठाण मांडतात. त्यातून सुटण्यासाठी शेतकरी माती सोडून कोकोपीटच्या ग्रो बॅगांकडे वळतो. निर्णय योग्य आहे, पण मातीबरोबर तिचा सांभाळून घेण्याचा गुणही जातो. बॅगेत टोमॅटोच्या एका झाडाच्या वाट्याला साधारण पाच लिटर कोकोपीट येते, आणि भर उन्हाळ्यात भरात आलेले झाड दिवसाला दोन लिटर किंवा त्याहून अधिक पाणी पिऊ शकते. जमिनीत जी चूक दिसायला आठवडा लागतो, ती इथे एका दुपारी दिसते. म्हणून या शेतीत सर्वाधिक लक्ष बॅगेखालून बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे हवे. प्रत्यक्षात सगळी चर्चा खताच्या सूत्राभोवती फिरते. सूत्र मिळवणे आज अवघड नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॉगलंड आणि आर्नन यांनी मातीविना शेतीच्या पोषक द्रावणाची माहिती १९३८ मध्येच पुस्तिकेतून सर्वांसाठी खुली केली. अवघड आहे ते हे द्रावण आपल्या झाडाला, आजच्या उन्हात, किती आणि केव्हा द्यायचे हे ठरवणे.

निचरा नेमके काय सांगतो ते पाहू. ड्रीपरमधून झाडामागे एक लिटर द्रावण दिले आणि बॅगेखाली पाव लिटर जमले, तर निचरा २५ टक्के झाला. उन्हाच्या दिवसांत २० ते ३० टक्के निचरा सर्वसाधारणपणे योग्य मानतात. दुसरा आकडा क्षारांचा. दिलेल्या द्रावणाचा ईसी (विद्युतवाहकता) २.५ आणि निचऱ्याचा ३ ते ३.५ असेल तर काळजी नाही. तोच ४.५ वर गेला, तर बॅगेत क्षार साठत आहेत. कडक उन्हात झाड खतापेक्षा पाणी वेगाने ओढते, त्यामुळे मुळांभोवती उरलेले द्रावण तीव्र होत जाते आणि पाणी असूनही मुळांना ते घेता येत नाही. झाड मलूल दिसते. अशा वेळी झाड उपाशी आहे असे समजून खत वाढवणे म्हणजे आजार वाढवणे. उपाय उलट आहे: द्रावण थोडे सौम्य करायचे आणि दुपारच्या पाळ्या वाढवायच्या. टोमॅटोच्या बुडाशी पडणारा काळा डागही अनेकदा याच गोंधळातून येतो. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच झाडात चढते. पाण्याचा पुरवठा विस्कळीत झाला की टाकीत भरपूर कॅल्शियम असूनही ते फळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ठरलेले वेळापत्रक असताना रोजच्या मोजणीची कटकट कशाला? पण एप्रिलमधले रणरणते ऊन आणि जुलैमधले आठवडाभराचे ढग यांना एकच वेळापत्रक चालत नाही. ढगाळ दिवसात तेवढ्याच पाळ्या दिल्या तर कोकोपीट चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि कूज शिरते. दुसरा आक्षेप खर्चाचा: संगणकावर चालणारी यंत्रणा दहा-वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला परवडत नाही. ते खरे आहे, पण मोजणीला ती लागतच नाही. एका बॅगेखाली ट्रे, एका जादा ड्रीपरखाली बाटली, मोजपात्र, खिशात मावणारे ईसी आणि पीएच मीटर आणि एक वही एवढे पुरे. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ईसी फक्त क्षारांची बेरीज सांगतो. त्यात पोटॅश किती आणि बोअरच्या पाण्यातला सोडियम किती, हे सांगत नाही. म्हणून सुरुवातीला पाण्याची आणि नंतर अधूनमधून निचऱ्याची प्रयोगशाळेत तपासणी करायलाच हवी. रोजची मोजणी बिघाडाची चाहूल देते, तपासणी त्याचे कारण सांगते.

पाव भाग पाणी वाहू देणे ही दुष्काळी राज्याला न शोभणारी उधळपट्टी नाही का, हा प्रश्न उरतो. निचरा बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे, कारण मग क्षार मुळांशीच साठतील. पण तो जमिनीत सोडणेही चूक आहे. टोमॅटोच्या द्रावणात लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम नायट्रेट-नत्र असते, म्हणजे सुमारे ८८५ मिलिग्रॅम नायट्रेट. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. हे पाणी मुरून आपल्याच विहिरीत उतरते. नेदरलँड्सने हरितगृहांतून बाहेर जाणारे नत्र २०२७ पर्यंत जवळपास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तिथे निचरा निर्जंतुक करून पुन्हा पिकाला देतात. आपल्याकडे सोडियमयुक्त बोअरचे पाणी असेल तर असे पुनर्चक्रण फार काळ चालत नाही, पण पॉलिहाऊसच्या छतावरचे पावसाचे पाणी शेततळ्यात साठवले तर ती अडचण बरीच कमी होते. तेही शक्य नसेल, तर निचरा टाकीत गोळा करून साधे पाणी मिसळावे आणि बाहेरच्या पिकाला त्यातल्या खताचा हिशेब धरून द्यावा. ज्या शेतकऱ्यांनी माती सोडली आहे, त्यांनी खताची पुढची गोणी विकत घेण्याआधी बॅगेखाली ट्रे ठेवावा आणि रोज दोन आकडे वहीत लिहावेत: निचरा किती झाला आणि त्याचा ईसी किती.